बर्फावरची नऊवारी

माझा स्वभाव डूख धरणारा आहे. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. न्यू जर्सीत आमच्याजवळ गंगा नव्हती, आइस रिंक होती, आणि तिथं जे झालं ते गोठून जागच्या जागी राहिलं. शेवटी मी सगळ्यांना माफ करणार आहे अशी कुणाची समजूत असेल, तर त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

मी आइस डान्सर होते. टीव्हीवर उंच उडी मारून हवेत गिरक्या घेणाऱ्या मुली दिसतात, त्या वेगळ्या. आमच्यात तसल्या उड्या नाहीत. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांनी बर्फावर जोडीनं नाचायचं, आणि मध्ये रुमाल धरला तर तो खाली पडू नये इतकं जवळ राहायचं. या खेळाचं एक जुनं दुखणं आहे. मुली पोत्यानं मिळतात, मुलगे चिमटीभर. त्यामुळे बर्फावर नीट उभा राहू शकणाऱ्या कुठल्याही मुलाचा भाव वधारलेला असतो. जोडी जमवायची तर मुलगी मुलाच्या गावी जाते, अर्धा तास त्याच्याबरोबर नाचून दाखवते, मग मुलाची आई आणि कोच कोपऱ्यात कुजबुजतात आणि म्हणतात, "कळवतो." याला ट्रायआउट म्हणतात. मराठी माणसाला यापुढे काही समजावून सांगायला नको.

२००१ साली मी बारा वर्षांची होते. आम्ही पुण्याहून आलो त्याला पाच वर्षं झाली होती, आणि त्यातली चार मी बर्फावर काढली होती. माझ्यासाठी मुलगा सापडला तो चक्क मराठी, शेजारच्या गावातला, महाराष्ट्र मंडळात ओळखीचा. माझ्याहून वर्षानं मोठा, उंच, आणि स्केट्स घातल्यावर भलताच देखणा. त्याची आई म्हणजे आमच्या मंडळातल्या एक वजनदार काकू. त्या मला बघायला घरी आल्या, तेव्हा माझ्या आईनं खरोखर कांदेपोहे केले. तिला त्यात काही गंमत वाटली नव्हती. मुलाकडचे येणार म्हटल्यावर दुसरं काय करतात?

काकूंनी पोहे खाल्ले, लिंबू कमी आहे म्हणाल्या आणि आम्हा दोघांना भिंतीला टेकून शेजारी उभं केलं. मग डोकं तिरकं करून, भाजीवाल्याकडं दुधी निवडावा तसं माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चालेल."

त्या 'चालेल'वर आम्ही पाच वर्षं काढली. बाबा पहाटे गाडी गरम करायचे, मी मागच्या सीटवर झोपून रिंकवर पोचायचे. आमची रशियन कोच ओरडायची, मी पडायचे, तो हात द्यायचा. आणि आई शिवायची. दुकानातले स्पर्धेचे कपडे भयंकर महाग म्हणून तिनं माझे शिवायला घेतले, मग काकू म्हणाल्या, "अगं, दोघांचं मॅचिंग तूच केलंस तर किती छान होईल." म्हणून त्याचेही शिवले. त्याच्या शर्टाच्या काखेत जोड द्यावे लागत, नाहीतर हात वर करताना शर्ट पँटीतून बाहेर यायचा. आईला त्याच्या खांद्याचं माप तोंडपाठ होतं. काकू प्रत्येक वेळी कपडे घेऊन जाताना म्हणायच्या, "मस्त झालेत हं," आणि जायच्या.

एकदा आईनं माझ्यासाठी वाइनच्या रंगाची, घोट्यापाशी निमुळती सलवार शिवली. मला थंडी वाजायची म्हणून. फारच देखणी झाली होती. कोचनं ती हातात धरली आणि परत दिली. आइस डान्समध्ये मुलीला स्कर्ट लागतोच, म्हणाली. दोन पाय वेगळे दिसले की ती पँट, आणि पँट दिसली की एक गुण कापतात. आईनं घरी येऊन सलवार उसवली आणि तिचा घेर केला.

२००६च्या उन्हाळ्यात काकू घरी आल्या. शनिवार होता. तो गाडीतच बसून राहिला, एंजिन चालू ठेवून. मी वरच्या पायरीवर बसून ऐकत होते.

"तुला फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं," काकू आईला म्हणाल्या. "आम्हाला कनेटिकटची एक मुलगी मिळाली आहे. टॉल आहे, हातापायांची लाइन सुंदर आहे तिची. तुझ्या मुलीत तसा प्रॉब्लेम काही नाही गं. पण आता त्याची हाइट वाढली ना? जोडी शोभत नाही. जजेसना लगेच दिसतं ते."

आई म्हणाली, "पाच वर्षं शोभली, ताई."

"लहान होते तोवर ठीक होतं. आता खरं सांगू का? रागावू नकोस. तिच्या खांद्यात लेझीम आहे. वॉल्ट्झ नाचताना पण गणपतीच्या मिरवणुकीत निघाल्यासारखी दिसते."

आई काय बोलते याची मी वाट बघत होते. एखादी बशी तोंडावर मारेल, दार दाखवेल, निदान आवाज तरी चढवेल. आई म्हणाली, "चहा घेणार?" आणि काकूंनी तो घेतलाही. बिस्किटाबरोबर.

त्या दिवसापासून मी दोन माणसांवर डूख धरला. काकूंवर, आणि गाडीतून न उतरलेल्या त्याच्यावर. खरं म्हणजे तिसरी आईसुद्धा. माझ्यासाठी चार शब्द बोलायची वेळ आली तर हिनं आधण ठेवलं, हे मी तिला कितीतरी महिने ऐकवत होते. ती ऐकून घ्यायची. पोळ्या लाटत राहायची.

ते दोघं त्याच रिंकवर सराव करायचे. कनेटिकटची मुलगी खरोखर उंच होती, आणि चांगलीही होती, हे लिहिताना माझे दात अजून शिवशिवतात. मला बघून हसायची. तो मात्र मान खाली घालून जायचा. मी त्याचं तोंडही बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तरी त्यांचा सराव संपेपर्यंत बाकावर बसून बुटाच्या नाड्या बांधत राहायचे. हे कुणाच्या लक्षात येत नसेल अशी माझी कल्पना होती.

नंतरचे महिने ट्रायआउटमध्ये गेले. मी विमानानं जायचे, नाचायचे, "कळवतो" ऐकून परत यायचे. कुणाला मी ठेंगणी वाटले, कुणाला सावळी वाटले असणार, पण ते तोंडानं कुणी म्हटलं नाही. शेवटी टेक्सासमधल्या फ्रिस्कोचा एक मुलगा मिळाला. हॉकी सोडून आलेला, बुटका, गुडघे बाकदार. त्याला कुणी मुलगी मिळत नव्हती म्हणजे बघा. तो आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आला, आईच्या हातची आमटी वाटीनं प्यायला लागला आणि पहिल्याच आठवड्यात तिला मावशी म्हणायला लागला. त्याच्या खांद्याचं माप आईनं आपण होऊन घेतलं.

पुढच्या मोसमात सर्वांना एक नाच लोकनृत्याचा करायचा होता. नियमच तसा निघाला. सगळे कामाला लागले, कुणी कंट्री, कुणी जिप्सी, कुणी आयरिश. कोचनं मला विचारलं, तुझ्या देशाचं काही आहे का?

मी म्हटलं, आहे. खांद्यात आहे.

लेझीम हातात धरून बर्फावर जाता येत नाही, हातात कुठलीच वस्तू चालत नाही. म्हणून आम्ही रिकाम्या हातांनी नाचायचं ठरवलं आणि तिचा खळखळाट संगीतात घेतला. मंडळाच्या ढोलताशावाल्या काकांनी आमच्या ड्राइव्हवेवर वाजवून रेकॉर्ड करून दिलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं पोलीस बोलवायची धमकी दिली. टेक्सासच्या पोराला मी त्याच ड्राइव्हवेवर लेझीम शिकवली. बाकदार गुडघ्यांचा त्याला पहिल्यांदाच फायदा झाला. खाली बसून उठताना तो असा काही उसळायचा की कोच टाळ्या वाजवायची. मी रोज त्या तालावर एकच वाक्य मनात म्हणत असे: तिच्या खांद्यात लेझीम आहे, तिच्या खांद्यात लेझीम आहे. दुसरं काही मोजायची मला गरजच पडली नाही.

नोव्हेंबरात विभागीय स्पर्धा होती. तिथल्या पहिल्या चार जोड्या राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. पहिल्या तीन कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौथी जागा आमची किंवा त्यांची. माझं उभं आयुष्य त्या चौथ्या जागेवर येऊन थांबलं होतं.

आणि ऑक्टोबरात काकूंचा फोन आला. आईनं स्पीकरवर टाकला, कारण हाताला कणीक होती.

"अगं, आम्ही कोळी डान्स करतोय! तिला इतका आवडलाय. तेवढं एक काम करशील? मी हिरवी सुती नऊवारी मागवली आहे, ती तिच्या मापानं शिवून हवी. तुझ्यासारखं इथं कुणाला जमत नाही."

मी आईकडं बघून दोन्ही हातांनी नाही, नाही अशा खुणा केल्या. आई फोनकडं बघत म्हणाली, "शिवते की."

"पण खरी हवी हं. फेक नको. काष्टा-बिष्टा घालून अगदी ऑथेंटिक."

"काष्ट्याशिवाय कसली नऊवारी, ताई," आई म्हणाली.

फोन बंद झाल्यावर मी जो थयथयाट केला, तो आठवून मला आजही थोडा अभिमान वाटतो. "तुला काही स्वाभिमान आहे का? त्यांनी मला कचऱ्यासारखं फेकून दिलं आणि तू त्यांचे कपडे शिवतेस? आय कान्ट बिलीव्ह यू!" आई कणीक मळत राहिली. माझ्यासाठी तिनं खणाचं पोलकं आणि गुडघ्यापर्यंत घेरदार परकर शिवायला घेतला होता. मी तो उचलून जमिनीवर टाकला. "तिला नऊवारी आणि मला परकर? मी काय आठ वर्षांची आहे?"

आईनं परकर उचलला, झटकला. "तुला परकर शोभतो," म्हणाली. मी दार आपटून खाली गेले.

नऊवारी तिनं मन लावून शिवली, हे मला कबूल करावंच लागेल. पुढून बघावं तर साडी. निऱ्या अशा बसवल्या की उभं राहिल्यावर काही कळू नये. मागं काष्टा ताठ, पोटरीवर घट्ट. मुलीला घेऊन काकू बघायला आल्या, आणि ती गोरी पोर आमच्या हॉलमध्ये त्यात उभी राहिली तेव्हा टेक्सासच्या पोराच्या तोंडूनसुद्धा "वॉव" निघालं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

आई गुडघ्यावर बसून काठाला टीप घालत होती. वर न बघता म्हणाली, "ताई, एकदा प्रॅक्टिसला घालून बघा. कोचला दाखवा. काही कमी-जास्त असेल तर मी करून देईन."

"छे छे!" काकू म्हणाल्या. "प्रॅक्टिसला सगळे टपलेलेच असतात. नजर लागते. मी कोचला पण म्हटलंय, इट्स अ सरप्राइझ. डायरेक्ट त्या दिवशी!"

"बरं," आई म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

स्पर्धेच्या पहिल्या नाचात ते चौथे, आम्ही पाचवे. दुसऱ्या दिवशी लोकनृत्य. आमच्या आधी त्यांचा नंबर होता. मी बोगद्यासारख्या वाटेत, पडद्याशी उभी होते. बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे अर्थातच बघत होते.

ती बर्फावर आली तेव्हा प्रेक्षागृहातून आवाज उठला. हिरवा रंग पांढऱ्यावर भलताच उठून दिसला. गेलं सगळं, वाटलं. मग संगीत सुरू झालं. ती वळली, तिनं एक पाय मागं उंच नेला, आणि काष्ट्यातून तिचे दोन पाय दिसले. एक इकडं, एक तिकडं, दोन्हीभोवती हिरवं कापड गुंडाळलेलं. पुढच्या गिरकीत पुन्हा. जजेसच्या टेबलावर एका बाईनं चष्मा सावरला आणि शेजारच्याकडं झुकली. मला ती वाइनच्या रंगाची सलवार आठवली.

मी वळून वर प्रेक्षकांत आईला शोधलं. ती स्वेटर घालून, मांडीवर पर्स धरून शांत बसली होती.

लगेच आमचं नाव पुकारलं. त्यानंतर जे काही मी नाचले ते मला नीटसं आठवत नाही. ढोल वाजला, खांदे आपोआप चालू झाले, टेक्सासचा पोरगा खाली बसला आणि उसळला, लोक तालावर टाळ्या वाजवायला लागले. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्यासमोरून जाताना मी दोन्ही खांदे जरा जास्तच उडवले. कोच नंतर म्हणाली, ते स्टेप्समध्ये नव्हतं. मी म्हटलं, होतं.

त्यांचा एक गुण कापला. वेशभूषा नियमबाह्य. त्यांच्या कोचनं रेफ्रीपुढं हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं. ही साडी आहे, साडी हा स्कर्ट असतो, असं ती सांगत होती. रेफ्री म्हणाला, मॅडम, मी पाय मोजले. तिसऱ्या दिवशी शेवटचा नाच झाला, बेरजा झाल्या. आम्ही चौथे, ते पाचवे. मधलं अंतर एका गुणाहून कमी होतं.

म्हणजे मी त्यांना हरवलं नव्हतं. बेरीज मी एकदा केली, पुन्हा केली, कोचच्या पेननं केली. तो एक गुण परत दिला तर चौथे तेच. सहा महिने मी बर्फावर लेझीम घासली, आणि माझं उट्टं काढलं ते आमच्या शिवणाच्या मशीननं. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली. आलाच नाही.

लॉबीत मी स्केट्स काढत होते, आई शेजारी बसली होती. कनेटिकटची मुलगी भिंतीला टेकून रडत होती. तिचा यात काय दोष? मला वाईट वाटलं, अर्धा मिनिट. तेवढ्यात काकू आल्या, लाल झालेल्या. हातात नऊवारीचा बोळा होता.

"तुला माहीत होतं," त्या आईला म्हणाल्या. "पाच वर्षं कपडे शिवलेस तू, तुला रूल माहीत होता!"

"तुम्हाला खरी हवी होती, ताई," आई म्हणाली. "मी म्हटलं होतं, एकदा प्रॅक्टिसला घालून बघा."

"घरचं माणूस समजून दिलं मी तुला!"

"हो ना. नाहीतर तुम्ही इतका वेळ थांबून माझ्याकडं चहा प्याला असतात का त्या दिवशी?" आईचा आवाज अजिबात चढला नव्हता. "दिसत होती मात्र फार छान. पण काय आहे, जजेसना लगेच दिसतं ते. शोभत नाही."

काकूंनी तो बोळा आईच्या मांडीवर फेकला आणि गेल्या. त्यांच्या मागं तो उभा होता. त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं, काहीतरी बोलेल असं वाटलं. मग काकूंनी हाक मारली आणि तो गेला.

परतीच्या रस्त्यावर आई गाडी चालवत होती. टेक्सासचा पोरगा मागं तोंड उघडं टाकून झोपला होता. मी म्हटलं, "तू मला का नाही सांगितलंस? महिनाभर मी तुला वाट्टेल ते बोलले."

"सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस."

"त्याला? मी? आई, आय हेट हिम!"

"पोरी, एका नाडीला कुणाला इतका वेळ लागतो?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग आई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "खांद्यात लेझीम म्हणे. त्याच्या शर्टाला काखेत जोड कुणी दिले पाच वर्षं?"

राष्ट्रीय स्पर्धेत, २००८च्या जानेवारीत, आम्ही शेवटून दुसरे आलो. त्याच वर्षी मी खेळ सोडला. ते दोघंही टिकले नाहीत; काकूंना पुढं आणखी उंच मुलगी मिळाली, असं ऐकलं.

नऊवारी आईनं धुतली, उसवली आणि हातभर लांबीचे तुकडे कापून त्यांना चारी बाजूंनी टीप घातली. सरावानंतर स्केटच्या पात्यांवरचं पाणी पुसावं लागतं, नाहीतर गंज धरतो. सुती कापड त्याला सगळ्यात चांगलं. राष्ट्रीय स्पर्धेला निघताना तिनं ते तुकडे घडी घालून माझ्या बॅगेत ठेवले आणि म्हणाली, "नीट दाबून पुस हं."

मी पाती दाबून पुसली.